थरांच्या फटीतलं चुंबकत्व: नमुना भट्टीत घालण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत

ठाणे, वाशी, नेरुळ, पनवेल इथल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणीतरी बॅटरीचा कॅथोड नाहीतर थरांचा एखादा सल्फाइड निवडतं, आणि गाईड सांगतात, ‘मॅग्नेटिक प्रॉपर्टीजपण कर.’ मग धावपळ सुरू होते ती चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनचा, म्हणजे मॅग्नेटोमीटरचा, स्लॉट मिळवायची. हा क्रमच उलटा आहे. इंटरकॅलेशनच्या पदार्थात, म्हणजे ज्याच्या थरांमधल्या फटीत बाहेरचे अणू शिरवलेले आहेत अशा पदार्थात, सगळं चुंबकत्व एका आकड्यावर लटकलेलं असतं: फटीत किती अणू आहेत. त्याला आपण ‘क्ष’ म्हणू. क्ष माहीत नसेल तर दोन केल्विनपर्यंत काढलेला सुंदर आलेख नुसता फाइलला लावण्यापुरता. म्हणून या लेखात मशीन बऱ्याच उशिरा येईल.

आधी पदार्थ निवडा

दोन जाती आहेत आणि त्यांचं गणित वेगळं आहे.

पहिल्या जातीत पाहुणा, म्हणजे फटीत शिरवलेला अणू, स्वतःच चुंबकीय असतो. नायोबियम डायसल्फाइड हा यजमान. तो एकटा सुमारे ६ केल्विनखाली अतिवाहक होतो, चुंबकीय नाही. त्याच्या थरांमध्ये दर तीन नायोबियममागे एक क्रोमियम बसवला की सुमारे १३० केल्विनखाली क्रोमियमचे मोमेंट (प्रत्येक अणूचं इवलं चुंबक) मळसूत्रासारखे फिरत जातात, ४८ नॅनोमीटरमागे एक फेरा. त्याच जागी, त्याच प्रमाणात लोखंड घातलं तर अँटिफेरोमॅग्नेट (मोमेंट एकमेकांविरुद्ध लागून एकूण बेरीज शून्य) मिळतो, ४५ केल्विनच्या थोडं खाली. कोबाल्ट घातला तर तीसच्या आतबाहेर, निकेलला नव्वदच्या आसपास. यजमान टँटलमचा आणि लोखंड चारात एक, तर थेट फेरोमॅग्नेट (सगळे मोमेंट एकाच दिशेला), सुमारे १६० केल्विनला. तिथेच लोखंड तिनात एक केलं की हे तापमान पार चाळिशीखाली उतरतं. पाहुणा तोच, जागाही तीच, फक्त संख्या बदलली.

दुसऱ्या जातीत पाहुणा मुका असतो. सोडियम, लिथियम यांना स्वतःचा मोमेंट नाही, पण ते यजमानाला इलेक्ट्रॉन देतात आणि यजमानाच्या धातूची अवस्था बदलतात. सोडियम कोबाल्टेट हे याचं नमुनेदार उदाहरण. क्ष ०.७ च्या आसपास असताना तो धातूसारखी वीज वाहतो आणि तरीही त्याची ससेप्टिबिलिटी (लावलेल्या क्षेत्राला दिलेला चुंबकीय प्रतिसाद) सुट्या मोमेंटसारखी वागते, जे खरं तर एकत्र नांदायला नको. क्ष ०.५ ला ८८ आणि ५३ केल्विनला दोन बदल दिसतात आणि पदार्थ खाली विद्युतरोधक होतो. ०.३ च्या आसपास चुंबकत्व जवळपास विझतं. त्यात पाणी शिरवलं तर सुमारे ५ केल्विनला अतिवाहक, हे जपानमध्ये त्सुकुबाच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं.

पहिल्यांदाच करत असाल तर दुसरी जात घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सल्फाइडसाठी क्वार्ट्झची निर्वात अँप्यूल सील करावी लागते. गंधक ४४५ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे तापमान घाईने वाढवलं तर अँप्यूल भट्टीतच फुटते. ज्या लॅबमध्ये हे रोज होतं तिथेच ते शिकावं. जुन्या मोबाइलची बॅटरी फोडून कॅथोड खरवडायचा विचार तर डोक्यातूनच काढून टाका. आग लागते, आणि मिळणाऱ्या भुकटीत काय काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं.

भट्टी

सोडियम कोबाल्टेट साध्या मफल फर्नेसमध्ये, हवेतच होतो. क्ष ०.७० हवा असेल तर ०.०५ मोलच्या घाण्याला सोडियम कार्बोनेट १.८५५ ग्रॅम आणि कोबाल्ट ऑक्साइड (काळा, तीन कोबाल्ट चार ऑक्सिजनवाला) ४.०१३ ग्रॅम. कार्बोनेट आधी दोनशे-अडीचशे अंशांवर दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून मगच तोला. जुलै महिन्यात बाटली उघडी ठेवून तोललेलं कार्बोनेट म्हणजे तोललेला पाऊस. अॅगेटच्या खलात बारीक वाटा. कोबाल्टची धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा मास्क आणि ग्लोव्ह्जवर तडजोड नको.

मिश्रण गार भट्टीत ठेवून हळूहळू तापवलं तर वाटेत सोडियम उडून जातं. म्हणून भट्टी आधी ७५० अंशांवर नेऊन मग अॅल्युमिनाची मूस आत सरकवतात. बारा तासांनी काढा, पुन्हा वाटा, गोळी दाबा, ८५० च्या आसपास दिवसभर ठेवा. गरम असतानाच काढून डेसिकेटरमध्ये टाका.

क्ष कमी करायचा असेल तर ही भुकटी फ्यूम हूडखाली अॅसिटोनायट्राइलमध्ये आयोडीनबरोबर ढवळतात. आयोडीन सोडियम ओढून घेतं आणि थर जसेच्या तसे राहतात. आणखी खाली उतरायचं तर ब्रोमीन लागतं, आणि ते एकट्याने करायचं काम नव्हे. शेवटी अॅसिटोनायट्राइलनेच धुवा. पाण्याने धुतलं तर कमी सोडियमच्या नमुन्यात पाणी थरांत घुसून बसतं.

क्ष-किरण: पहिली रेषा कुठे आहे ते बघा

तांब्याच्या क्ष-किरणांनी काढलेल्या पॅटर्नमध्ये क्ष ०.७ च्या नमुन्याची पहिली मोठी रेषा साधारण १६.२ अंशांवर येते. सोडियम काढलं की ती डावीकडे सरकते, ०.३ ला १५.८ च्या आसपास. अणू काढले तर थर जवळ यायला हवेत असं वाटतं, पण होतं उलट. मधलं धन सोडियम गेल्यावर समोरासमोरचे ऑक्सिजनचे थर एकमेकांना ढकलतात.

आता आपल्या हवेची गोष्ट. खाडीकाठी पावसाळ्यात भुकटी काचेच्या पट्टीवर उघडी पडली, की कमी सोडियमचा नमुना हवेतलं पाणी पितो. १२.८ अंशांच्या आसपास नवीन रेषा उगवली तर पाण्याचा एक थर आत गेलाय, ९ अंशांजवळ उगवली तर दोन. जास्त सोडियमचा नमुना इतका अधाशी नसतो, पण पृष्ठभागावर हळूहळू सोडियमचं कार्बोनेट धरतो. म्हणून क्ष-किरण काढल्याची आणि चुंबकीय मोजणीची तारीख दोन्ही लिहून ठेवा. मधे तीन आठवडे गेले असतील तर पॅटर्न पुन्हा काढा.

सल्फाइडच्या बाबतीत नेमकं दुर्लक्षिलं जातं ते म्हणजे क्षीण रेषा. लोखंड किंवा क्रोमियम तिनात एक असं नीट रांगेत बसलं की १९ अंशांजवळ एक बारीक रेषा येते. मुख्य रेषा धारदार आणि ही मात्र गायब किंवा पसरट असेल, तर पाहुणे आत आहेत पण अस्ताव्यस्त बसलेत. अशा नमुन्याचं चुंबकीय तापमान पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खाली येतं किंवा वळण पुसट होतं, आणि मग मशीनला दोष दिला जातो.

टायट्रेशन: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

ही पायरी बहुतेकजण गाळतात, कारण ती एफवायच्या प्रॅक्टिकलसारखी वाटते. पण क्ष मोजायला कॉलेजात याहून चांगलं काही नाही.

तत्त्व असं. सोडियम कोबाल्टेटमध्ये कोबाल्टची सरासरी संयुजा ४ वजा क्ष असते. आम्लात पोटॅशियम आयोडाइडबरोबर विरघळवला की सगळा कोबाल्ट २ वर उतरतो आणि तेवढं आयोडीन सुटतं. म्हणजे एका मोलमागे थायोसल्फेट लागणार २ वजा क्ष मोल.

१०० मिलिग्रॅम नमुना आणि ०.०५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं, तर क्ष ०.७० असताना ब्युरेटवर २४.३ मिलिलिटर येतील. क्ष ०.६० असेल तर २६.७. जवळजवळ अडीच मिलिलिटरचा फरक, म्हणजे नवशिक्यालाही चुकणार नाही इतका. तीन वाचनं ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली तर क्ष दुसऱ्या दशांशापर्यंत सांगता येतो.

करताना फ्लास्कमधून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडत राहा, नाहीतर हवेतला ऑक्सिजनच आम्लातल्या आयोडाइडचं आयोडीन करतो आणि क्ष खोटा कमी दिसतो. आधी आयोडाइड, मग आम्ल. उलट केलंत तर कोबाल्ट आम्लातून क्लोरीन सोडतो आणि ते उडून जातं. आम्ल सौम्य ठेवा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात कोबाल्ट निळा पडतो, स्टार्चही निळा, मग अंत्यबिंदू शोधत बसा. सौम्य द्रावणात तपकिरी रंग गवती पिवळा होत जातो, तेव्हा स्टार्च घाला, आणि गडद निळा जाऊन खाली स्वच्छ गुलाबी उरला की थांबा. रंगहीन होण्याची वाट पाहू नका, तो गुलाबी कोबाल्टचाच आहे.

या पद्धतीत ऑक्सिजन बरोबर दोन आहे असं गृहीत धरलेलं आहे, आणि न मिसळलेला कोबाल्ट ऑक्साइड उरला असेल तर उत्तर बिघडतं. म्हणून शक्य असेल तर थोडा नमुना सोडियम आणि कोबाल्टच्या आयसीपी चाचणीला (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या) द्या. त्यासाठी लांब जायला नको. रबाळे, महापे, तळोजा इथल्या औद्योगिक पट्ट्यात रासायनिक चाचण्या करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा.

एवढा आटापिटा कशासाठी? सुट्या मोमेंटचा साधा हिशेब धरला तर क्ष ०.७० मध्ये चार संयुजेचे कोबाल्ट ३० टक्के, म्हणून क्यूरी स्थिरांक (मोमेंट किती आणि केवढे ते सांगणारा आकडा) ०.११३, क्ष ०.६० मध्ये ४० टक्के, स्थिरांक ०.१५०. क्षमध्ये दहा शतांशांची चूक झाली की क्यूरी स्थिरांकात एक तृतीयांश फरक पडतो. प्रत्यक्षात हा पदार्थ धातू असल्याने हिशेब इतका सरळ उतरत नाही, पण मुळातला आकडाच डळमळीत असेल तर तो का उतरला नाही याची चर्चाही करता येत नाही.

कॉलेजातला गॉय बॅलन्स

अनेक रसायनशास्त्र विभागांत गॉय बॅलन्स (चुंबकाच्या ओढीने नमुन्याच्या वजनात पडणारा फरक मोजणारा तराजू) कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. काढा बाहेर. खोलीच्या तापमानाला तो एकच आकडा देतो, पण तो आकडा पुढे मशीनवर आलेल्या आलेखाचा साक्षीदार ठरतो.

कॅलिब्रेशनला मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट वापरतात, २० अंशांना त्याची ससेप्टिबिलिटी ग्रॅममागे ०.००००१६४४ सीजीएस. तिनात एक लोखंडवाल्या नायोबियम डायसल्फाइडचा अंदाज काढा: लोखंडाचा मोमेंट ४.९ धरला आणि परस्पर परिणाम सोडून दिला तर उत्तर जवळपास तेवढंच येतं, म्हणजे गॉयवर छान वाचता येईल इतकं. सोडियम कोबाल्टेट याच्या निम्म्याहूनही बराच कमी. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये तीन संयुजेच्या कोबाल्टला मोमेंटच नसतो, त्यामुळे तिथे गॉय जवळजवळ गप्प बसेल. तेही उत्तरच आहे: काटा जोरात हलला तर नमुन्यात काहीतरी नको ते आहे.

रिकामी नळी आधी मोजा, भुकटी दरवेळी सारख्याच उंचीपर्यंत ठासा, पंखा बंद करा. पाऱ्याचा कॅलिब्रंट वापरून झाल्यावर सिंकमध्ये टाकू नका.

जाता जाता: आपल्या नव्या पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत, तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम १९०४ पासून अलिबागला हलवायला घेतलं. चुंबकीय मोजमापात शेजार महत्त्वाचा, हे इथल्या लोकांना शंभरेक वर्षांपूर्वीच कळलं होतं.

कॅप्सूल भरताना

इथे चिमटा आणि चमचा ठरवतात तुमचा निकाल. ५० मिलिग्रॅम लिथियम कोबाल्ट ऑक्साइड १ टेस्लाच्या क्षेत्रात साधारण ०.०००५ ईएमयू (नमुन्याच्या एकूण मोमेंटचं एकक) देतो. स्टीलच्या स्पॅच्युलातून खरवडलेलं एक मायक्रोग्रॅम लोखंड, जे डोळ्याला दिसतही नाही, ०.०००२ ईएमयू देतं. जवळजवळ निम्मं. म्हणून भट्टीतून काढल्यापासून पुढे प्लास्टिक, टेफ्लॉन किंवा सिरॅमिकचीच हत्यारं.

जिलेटिनची कॅप्सूल वापरत असाल तर त्याच पाकिटातली रिकामी कॅप्सूल वेगळी मोजून ठेवा. तिला सुईने बारीक भोक पाडा, नाहीतर आत अडकलेली हवा थंड होते आणि घन ऑक्सिजन ५० केल्विनच्या आसपास उंचवटा दाखवतो. लोखंडवाल्या नायोबियम डायसल्फाइडचं खरं वळण त्याच्या अगदी शेजारी असल्यामुळे हा सापळा फार वाईट आहे.

थरांच्या पदार्थाचे कण चकत्यांसारखे असतात. ते आडवे पडतात, आणि क्षेत्र लावल्यावर सैल असतील तर फिरतातही. मग तुम्ही ‘पावडर’ म्हणून मोजता, पण ती पावडरची सरासरी नसते. टँटलमवाल्या यजमानातलं लोखंड तर थरांना काटकोनातच मान वळवायला तयार असतं, तिथे चूक फार मोठी होते. कण वितळलेल्या मेणात किंवा थोड्या ग्रीसमध्ये घट्ट बसवा आणि मेणाचंही वजन लिहून ठेवा.

नमुना झिपलॉक पिशवीत, सिलिका जेलसकट, पिशवी छोट्या डब्यात. पावसाळ्यात ट्रान्सहार्बरच्या गर्दीत नुसती कॅप्सूल खिशात टाकून निघालात तर जिलेटिन मऊ पडून चिकटलेलं असेल.

मशीनचा स्लॉट

कुठलं यंत्र बाहेरच्यांना मिळतं हे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. ऐरोलीच्या पुलापलीकडे पवईच्या आयआयटीत सैफ (बाहेरच्यांनाही वापरता येणारी उपकरणांची सुविधा) आहे, तिथेही विचारणा करा. फॉर्ममध्ये नुसतं ‘एम-टी आणि एम-एच’ (तापमानाबरोबरचा आणि क्षेत्राबरोबरचा मोमेंटचा आलेख) लिहू नका. हे मागा:

०.०१ टेस्लाला शून्य क्षेत्रात थंड करून वर येताना, आणि नंतर त्याच क्षेत्रात थंड करून, २ ते ३०० केल्विन. त्याआधी चुंबकातलं उरलेलं क्षेत्र आंदोलन पद्धतीने शून्याकडे आणायला सांगा; नाहीतर तुमचं ‘शून्य’ खरं शून्य नसतं आणि दोन वक्र उगाच फाकतात.

१ टेस्लाला पुन्हा एकदा, फक्त फिटिंगसाठी.

एम-एच ५ केल्विनला, वळणाच्या बऱ्याच वर एकदा, आणि ३०० केल्विनला. शेवटचं लोखंडाची भेसळ पकडायला. तिथे सरळ रेषेऐवजी मध्ये वाकडा टप्पा दिसला तर जास्त क्षेत्रातला चढ घ्या. भेसळीचा वाटा तोवर संपृक्त झालेला असतो.

क्षेत्राची निवड पदार्थ बघून करा. क्रोमियमचं मळसूत्र ०.२ टेस्लाच्या आसपासच उलगडून जातं. थेट १ टेस्लात मोजलंत तर तो साधा फेरोमॅग्नेट वाटेल आणि तुम्ही तसं लिहूनही मोकळे व्हाल.

फिटिंग

आधी युनिट. मशीन ईएमयू देतं. वजनाने आणि क्षेत्राने भागून, सूत्रभाराने गुणून मोलमागे आणा. सोडियम कोबाल्टेटचा सूत्रभार क्ष ०.७० ला १०७.० आहे, पण मोजलेला क्ष घाला, ठरवलेला नव्हे. लोखंडवाल्या सल्फाइडमध्ये मोल लोखंडाचा की सूत्राचा ते पहिल्याच ओळीत लिहा. तिपटीचा घोळ इथेच होतो. मग कॅप्सूल वजा, आणि अणूंचा प्रतिचुंबकी वाटा दुरुस्त करा. ऑक्साइड आयनाला मोलमागे वजा ०.००००१२, सल्फाइडला वजा ०.००००३०. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये ही दुरुस्ती एकूण उत्तराच्या एक तृतीयांशाएवढी होते, तेव्हा ‘नगण्य’ म्हणून सोडू नका.

क्यूरी-वाइस फिट (ससेप्टिबिलिटी = क्यूरी स्थिरांक भागिले तापमान वजा थीटा) करताना तापमानावर न अवलंबणारा स्थिर भाग जरूर ठेवा. हे यजमान बहुतेक धातूसारखे आहेत, त्यांचे वाहक इलेक्ट्रॉन कायमचा थोडा वाटा देतात. तो न ठेवता व्यस्त ससेप्टिबिलिटीवर पट्टी ठेवून रेषा मारली की थीटा हवा तसा मिळतो: १०० ते ३०० केल्विनमध्ये एक, १५० ते ३०० मध्ये दुसरा. खालची मर्यादा दर वेळी २५ केल्विनने वर नेत फिट पुन्हा करा. क्यूरी स्थिरांक आणि थीटा स्थिरावले तरच छापा. मोमेंट म्हणजे २.८३ गुणिले स्थिरांकाचं वर्गमूळ.

अगदी खाली, १०-१५ केल्विनच्या आत, वक्र एकदम वर उसळत असेल तर आनंदून जाऊ नका. दोन संयुजेचा उच्च-स्पिन कोबाल्ट फक्त एक टक्का शिल्लक असला तरी त्याचा क्यूरी स्थिरांक ०.०१९ येतो, म्हणजे सोडियम कोबाल्टेटच्या स्वतःच्या स्थिरांकाच्या सहाव्या हिश्शाएवढा.

३० ते ४० केल्विनमध्ये सोडियम कोबाल्टेटला हलकासा कुबड दिसलं तर ते न मिसळलेल्या कोबाल्ट ऑक्साइडचं असण्याची शक्यता दांडगी आहे, कारण तो तिथेच अँटिफेरोमॅग्नेटिक होतो. क्ष ०.७५ जवळ २२ केल्विनला बारीक वळण दिसलं तर मात्र ते पदार्थाचंच. १२० केल्विनच्या आसपास छोटी पायरी असेल तर मॅग्नेटाइटची शंका घ्या. आणि शून्य क्षेत्र व सक्षेत्र थंडीचे वक्र फाकले की लगेच ‘स्पिन ग्लास’ (मोमेंट अस्ताव्यस्त दिशांना गोठलेले) असं लिहायची फॅशन आहे. तसं लिहायला एसी ससेप्टिबिलिटी (उलटसुलट बदलत्या क्षेत्रात मोजलेली) वारंवारतेबरोबर सरकताना दाखवावी लागते.

मोमेंटची मांडणी नेमकी कशी आहे हे ससेप्टिबिलिटी सांगत नाही. त्याला न्यूट्रॉन लागतात, आणि ते खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर मिळतात. यूजीसी-डीएई कन्सोर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतून प्रस्ताव जातात. तिथे मिलिग्रॅम चालत नाहीत, काही ग्रॅम एकाच घाण्यातले लागतात, म्हणून पहिला घाणा लहान ठेवू नका. कोबाल्ट न्यूट्रॉन गिळतो आणि किरणोत्सारी होतो. त्यातल्या कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल सव्वापाच वर्षांचा आहे. गेलेला नमुना लवकर परत येणार नाही, तेव्हा टायट्रेशन, क्ष-किरण आणि चुंबकीय मोजणी पुन्हा करता येईल इतका वाटा आधीच बाजूला काढून, सीलबंद, डेसिकेटरमध्ये ठेवा.